वाट्याला आलेले ड्रम

मैत्रिणींनो, दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी शिलाई मशीनजवळ रेडिओ ठेवून बसली असेल. आज मी हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यातलं काहीच बोलणार नाही. आज एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतली होती, १०७ वर्षं जगली आणि जन्मभर तिनं ड्रम वाजवले. तिचं नाव व्हायोला स्मिथ.

तुम्ही म्हणाल, हिला कुठे भेटली ही बाई? माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये. दिवाळीत तो कसले तरी जुने व्हिडिओ बघत होता. मी चकल्या तळत होते. सहज नजर गेली तर काळापांढरा सिनेमा चाललेला, आणि एक बाई लांब झग्यात बसून ड्रम वाजवत होती. चारी बाजूंनी ड्रम. त्यातले दोन तर खांद्याच्या उंचीवर टांगलेले. हात कधी खाली, कधी वर, काठ्या दिसतच नव्हत्या. आणि चेहऱ्यावर हसू. जणू पोळ्या लाटतेय, इतकं सहज. माझी एक चकली करपली, पण मी ते तीनदा पाहिलं.

मी मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी. ए. केलं. तेव्हापासून एक खोड लागली आहे. काही दिसलं की ही कोण, कधीची, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हिच्याबद्दल जे मिळालं ते वाचलं, जे ऐकायला मिळालं ते ऐकलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी जाझ म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेत काळ्या लोकांना पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबवलं गेलं. त्यांच्या लेकरांनी, नातवंडांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहराच्या बाजूला हे संगीत घडवलं. ठेका ठरलेला असतो, चाल ठरलेली असते, पण वाजवणारा त्यात ऐनवेळी आपलं काही घालतो. आपल्याकडे भजनात एखादी आजी मध्येच वेगळी तान घेते आणि परत धृपदावर येते, तसं काहीसं समजा. हे संगीत आपल्याकडेही आलं. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा जाझ बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजत होता. पुढे गोव्याच्या वादकांनी ते हिंदी सिनेमात आणलं. भगवानदादांचा ‘अलबेला’ पाहिलेल्यांना चिक चॉकलेटचा बँड आठवत असेल. सी. रामचंद्र यांच्या चालींमागे तो ठेका आहे. म्हणजे जाझ आपल्या कानांवरून गेलेलं आहे, नाव तेवढं माहीत नव्हतं.

आता ड्रमचा संच. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल एकाकडे, ताशा दुसऱ्याकडे, झांज तिसऱ्याकडे. तिकडेही आधी असंच होतं. मग नाटकघरांत जागा कमी, आणि तिघांची मजुरी द्यायला मालकाचा हात आखडता. १९०९ च्या सुमारास लुडविग नावाच्या भावांनी पायानं दाबून मोठा ढोल वाजवायचं चांगलं पॅडल बनवलं. त्यानं काम सोपं झालं. एकच माणूस खाली बसून पायानं मोठा ढोल वाजवणार आणि हातातल्या काठ्यांनी बाकीचं सगळं. समोरच्या छोट्या ड्रमखाली तारा लावलेल्या असतात, म्हणून तो ताशासारखा कडकडतो. बाजूला घुमणारे ड्रम, वर टांगलेल्या पितळी झांजा. दोन हात आणि दोन पाय चार वेगळी कामं करतात. हे ऐकून आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, “यात काय नवल? आपण सकाळी तेच करतो.” खरं आहे त्यांचं.

तर व्हायोलाचा जन्म २९ नोव्हेंबर १९१२ चा. विस्कॉन्सिन राज्यातलं माउंट कॅल्व्हरी नावाचं छोटं गाव. आडनाव श्मिट्झ. पुढे लोकांना म्हणायला सोपं म्हणून स्मिथ झालं. घरात दहा भावंडं, त्यात आठ मुली. आईवडील गावात नाचाचा हॉल चालवत. वडिलांच्या डोक्यात एक कल्पना आली. मुली एवढ्या आहेत, तर मुलींचाच वाद्यवृंद का करू नये? सगळ्यांना आधी पियानो शिकावा लागला. मग एकेकीला एकेक वाद्य वाटून दिलं. व्हायोलाचा नंबर येईपर्यंत थोरल्या बहिणींनी बाकीची वाद्यं घेतली होती. वाद्यवृंदाला ड्रम वाजवणारी हवी होती. ते व्हायोलाच्या वाट्याला आले.

मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्यालाही थोरलीचा झगा धाकटीला, धाकटीचा तिच्याहून धाकटीला, अशीच सवय. पण वाट्याला आलेल्या वस्तूचं काय करायचं, हे ज्याचं त्याच्या हातात असतं.

शाळेला सुट्टी लागली की या बहिणी गाडीनं गावोगाव जात. सिनेमाघरांत त्या काळी सिनेमाच्या आधी गाण्यानाचाचा कार्यक्रम व्हायचा, तिथं वाजवत. १९३० नंतर रेडिओ घराघरांत पोचला होता. नवोदित कलाकारांच्या एका मोठ्या रेडिओ कार्यक्रमात, मेजर बोवेस यांच्या ‘अमॅच्युअर अवर’मध्ये, त्यांनी वाजवलं आणि देशभर ऐकलं गेलं.

पण मग काय झालं असेल, तुम्हीच सांगा. बरोबर. एकेकीचं लग्न झालं आणि एकेक वाद्य गप्प झालं. शेवटी उरल्या दोघी, व्हायोला आणि मिल्ड्रेड. त्या खचल्या नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी बाहेरच्या मुली गोळा करून ‘कोकेट्स’ नावाचा नवा बँड काढला. त्याचा एक छोटा सिनेमा १९४० च्या सुमाराचा आहे. त्यात नाव मोठ्या अक्षरात पुढे उभ्या असलेल्या गायिकेचं, फ्रान्सिस कॅरलचं. पण ऐकून झाल्यावर लक्षात राहते ती मागे बसलेली व्हायोला.

त्या काळी हवा कशी होती, तेही ऐका. ‘डाउन बीट’ नावाचं जाझ संगीताचं एक नामांकित मासिक होतं. १९३८ च्या फेब्रुवारीत त्यात एक लेख छापून आला. बायका वादक म्हणून कमी प्रतीच्या का असतात, हा त्याचा विषय. असतात का, हा प्रश्नच नाही. कमी आहेत हे गृहीत, आता कारणं सांगतो, असा सूर. लेख लिहिणाऱ्याचं नावही नव्हतं.

चार वर्षांनी, १९४२ च्या फेब्रुवारीत, त्याच मासिकात व्हायोलानं लेख लिहिला. बायकांना संधी द्या, असा तिचा मथळा. दुसरं महायुद्ध सुरू होतं, अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती, बँडमधले चांगले चांगले वादक सैन्यात जात होते. व्हायोलाचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या जागी कुणीही बेताचा पुरुष आणून बसवण्यापेक्षा, चांगलं वाजवणाऱ्या मुली आहेत, त्यांना घ्या. तेव्हा ती २९ वर्षांची होती. एका खेड्यातल्या नाचघरातून आलेली. ज्या मासिकानं बायकांना कमी प्रतीचं ठरवलं, त्याच मासिकात तिनं हे छापून आणलं. त्यावर वाद झाला. पण लेख छापला गेला म्हणूनच आज, ऐंशी वर्षांनंतरही, तो आपल्याला माहीत आहे.

त्याच वर्षी मिल्ड्रेडचंही लग्न झालं. कोकेट्स थांबला. व्हायोला एकटी न्यूयॉर्कला गेली. नाव झालेलं होतं, पण तिथं ती परत शिकायला बसली. बिली ग्लॅडस्टन नावाचे मोठे ड्रमवादक होते, त्यांच्याकडे धडे घेतले. ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत शिष्यवृत्ती मिळवून टिंपनी शिकली. टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठे नगारे, सुरात लावलेले. मला हे वाचून धीर आला. मी बी. ए.ची परीक्षा दिली तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती, आणि लोक विचारायचे, आता शिकून काय करणार?

मग ती ‘अवर ऑफ चार्म’मध्ये गेली. हा सगळ्या बायकांचा मोठा वाद्यवृंद, आणि त्याचा कार्यक्रम रेडिओवर लागायचा. मैत्रिणींनो, आपण आज बायकांचा आवाज रेडिओवरून पाठवतो आहोत, पण ऐंशी वर्षांपूर्वी त्या बायका लाखो घरांत वाजत होत्या. हेही सांगायला हवं की वाद्यवृंदाचा मालक आणि संचालक पुरुष होता, फिल स्पिटाल्नी. बायकांनी झुळझुळीत झगे घालावेत, गोड दिसावं, गोड वाजवावं, असा त्याचा आग्रह. व्हायोला त्या गोड सुरांमागे अगदी हलक्या हातानं ठेका धरायची आणि तिची पाळी आली की सगळा हॉल हलवायची. तिची जाहिरात व्हायची ‘जगातली सर्वांत वेगवान ड्रमवादक मुलगी’ अशी. ‘मुलगी’ हा शब्द बाकी काढत नव्हते.

१९४२ चा ‘व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम’ आणि १९४५ चा ‘हिअर कम द को-एड्स’ या सिनेमांत हा वाद्यवृंद आहे, आणि व्हायोलाही. आता ते नीट ऐकलं, तर एक गोष्ट कळते. ती नुसती वेगवान नव्हती. वेग कुणीही कमावू शकतो. ती दुसऱ्याला ऐकत वाजवायची. व्हायोलिन पुढे आलं की ती मागे सरकते, तुताऱ्या वाजू लागल्या की त्यांना उचलून धरते. आणि ते खांद्याजवळचे दोन मोठे ड्रम, सोळा सोळा इंच रुंदीचे! बाकीचे वादक असे ड्रम खाली ठेवत. तिनं वर टांगले, म्हणजे हात वर जाऊन खाली येताना लोकांना दिसे. हे तिचंच. फारसं कुणी उचललंही नाही.

१९५४ पर्यंत ती तिथं होती. युद्ध संपून पुरुष घरी आले, बायकांच्या बँडांना काम मिळेनासं झालं. मग व्हायोलानं स्वतःच्या नावानं कार्यक्रम केला, ‘व्हायोला आणि तिचे सतरा ड्रम’. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘कॅबरे’ नावाचं संगीत नाटक आलं. त्यात स्टेजवर बायकांचा एक बँड आहे. त्यात ड्रमवर व्हायोला. वय चौपन्न. नाटकातलं वाजवणं वेगळंच. तिथं नटाचं पाऊल पडलं की ठेका पडला पाहिजे, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. नाचघर, सिनेमाघर, रेडिओ, सिनेमा, रंगभूमी, टिंपनी. जिथं जो ठेका लागेल तो तिच्याकडे होता.

आता मी ज्यासाठी ही गोष्ट सांगायला घेतली, तिथं येते.

एवढं वाजवलेल्या बाईच्या तबकड्या किती असतील? शोधायला बसले तेव्हा मला वाटलं, ढिगानं मिळतील. तिच्या काळातल्या पुरुष ड्रमवादकांच्या मिळतात. तिचं मात्र जे आहे ते बहुतेक सिनेमांत आणि रेडिओच्या कार्यक्रमांत. असं का? एक कारण असं की १ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं तबकड्यांसाठी वाजवायचं बंद केलं. तबकडी एकदा निघाली की रेडिओवर आणि हॉटेलात तीच वाजते, वादकाला काम राहत नाही, आमचा हिस्सा द्या, ही त्यांची मागणी. मागणी रास्त होती. पण दोन वर्षांहून जास्त तो संप कुठल्या ना कुठल्या कंपनीबरोबर चालला, आणि नेमका तोच काळ बायकांच्या बँडांच्या भराचा होता. दुसरं कारण संपाच्या आधीही होतं आणि नंतरही राहिलं. बायकांचे बँड बघायचे असतात, ऐकायचे नसतात, अशी समजूत. म्हणून त्यांचे फोटो पुष्कळ, तबकड्या थोड्या.

काळ्या बायकांचं तर आणखी कठीण. मिसिसिपी राज्यात पाइनी वुड्स नावाची गरीब काळ्या मुलांची शाळा होती. १९३७ मध्ये तिथल्या मुलींचा बँड निघाला, शाळेसाठी पैसे जमवायला. ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ त्याचं नाव. त्यांच्या ड्रमवर पॉलिन ब्रॅडी. पुढे शाळेपासून वेगळ्या होऊन त्या मुली बसमधून देशभर फिरल्या. काळ्यांना हॉटेलात खोली देत नसत, म्हणून बसमध्येच झोपायच्या. काही गोऱ्या मुली बँडमध्ये आल्या, तर दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहणं कायद्याविरुद्ध, म्हणून त्या चेहऱ्याला गडद रंग लावायच्या, पोलिसांनी पकडू नये म्हणून. असा बँड. आणि त्यांच्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मग ते वाजवणं आपल्यापर्यंत आलं कसं? युद्धाच्या काळात सैनिकांना ऐकवायला रेडिओचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्यात स्वीटहार्ट्सही होत्या. चाळीस वर्षं ते पडून राहिलं. न्यूयॉर्कमध्ये रोझेटा राइट्झ नावाची बाई होती. जाझ गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायका विसरल्या गेल्यात, हे तिच्या मनाला लागलं. १९७९ मध्ये तिनं मित्रमैत्रिणींकडून दहा हजार डॉलर उसने घेतले आणि बायकांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या काढायची कंपनी सुरू केली. १९८४ मध्ये तिनं स्वीटहार्ट्सची तबकडी काढली. मैत्रिणींनो, उसन्या पैशावर उभं राहिलेलं हे काम. आपल्याला कळतं ते.

आपल्याकडेही असं झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. घरोघरी पिठाच्या गिरणीचं पीठ आलं आणि जातं कोपऱ्यात गेलं. त्या ओव्या जमवल्या नसत्या तर म्हणणाऱ्या बायांबरोबरच गेल्या असत्या.

व्हायोला शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा इथं राहिली. कुणाबरोबर माहीत आहे? गोधड्या शिवणाऱ्या, हस्तकला करणाऱ्या लोकांच्या एका वसाहतीत. तिनं लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं, पण एकटी राहिली नाही. शंभरी पार केल्यावरही ती तिथल्या बँडबरोबर ड्रम वाजवायची. २१ ऑक्टोबर २०२० ला ती गेली.

आता थोडं माझं. शाळेत असताना मला लेझीमच्या पथकात ढोल धरायचा होता. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, मुलींनी लेझीम धरायची, ढोल मुलांचा. मी लेझीम धरली. चांगली खेळले, बक्षीसही मिळालं. पण सहावीपासून ते आजपर्यंत, कुठे ढोल वाजला की माझी बोटं मांडीवर हलतात. परवा आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, नववीतली, मला म्हणाली, “मावशी, सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीला मला ढोल वाजवायचाय, तुम्ही शाळेत बोलाल का?” पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत मुली कमरेला ढोल बांधून वाजवतात, हे आपण टीव्हीवर दरवर्षी बघतो. पण आपल्या गल्लीत अजून विचारावं लागतं. मी शाळेत बोलले. बाईंनी आधी “बघू” म्हटलं. मग मी त्यांना मोबाइलवर व्हायोला दाखवली. बाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. म्हणाल्या, “उद्या पाठवा तिला सरावाला.”

आता ती पोरगी रोज संध्याकाळी सराव करते. शेजारी कुरकुर करतात. करू देत.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आपण गटाच्या बैठकीत इतिवृत्त लिहितो. कुणी किती भरले, कुणी किती घेतले, एक रुपया चुकत नाही. कारण लिहिलं नाही तर उद्या कुणी म्हणेल, मी दिलेच नव्हते. बायकांच्या कलेचंही तसंच आहे. घरात सासूबाई, आजी, मावशी असतील, ज्यांना ओव्या येतात, भारुडं येतात, भोंडल्याची गाणी येतात, कुणाला परातीवर ठेका धरता येतो. मोबाइल तर आता प्रत्येक घरात आहे. त्यांच्या शेजारी बसा, बटण दाबा आणि त्यांना वाजवू द्या, गाऊ द्या. आधी त्यांचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं म्हणा, म्हणजे पुढे कुणी ऐकेल तेव्हा ‘कोण ही बाई’ असं विचारायची वेळ येणार नाही. पुढच्या मासिक बैठकीला येताना ते घेऊन या. चांगलं असेल ते आपण याच रेडिओवरून लावू.

आणि सव्वीस जानेवारीला सकाळी सात वाजता शाळेसमोर या. ढोल ऐकायला.